डाव्या चाकाकडची टकटक

12 मे 2024, नांदेड

लातूरहून यायला रात्रीचे साडेदहा झाले. लेक बारावीच्या उन्हाळी क्लाससाठी तिथं राहते. रविवारी जाताना डबे न्यायचे, येताना धुण्याच्या पिशव्या आणायच्या, असं ठरूनच गेलंय. गाडी 2010 ची डिझेल डिझायर, एमएच-26 पाटीची, म्हणजे इथलीच. आज लोहा सोडल्यावर पुढच्या डाव्या चाकाकडून टकटक सुरू झाली. मोठा खड्डा आला की आवाज नाही, नुसता धक्का. पण बारीक खडी, उखडलेलं डांबर, गल्लीतली फरशी लागली की अडकित्त्यात सुपारी फोडल्यासारखी टक-टक-टक.

शेजारच्या दुकानदारानं फाटकाबाहेरूनच निकाल देऊन टाकला, ‘शॉकअप गेले. चारही बदला, नाहीतर गाडी काढून टाका.’ आपल्याकडे गाडीखाली काहीही वाजलं की ते शॉकअपच असतं, आणि कधीही एक जात नाही, चारही जातात.

काढून टाकायचं म्हटलं तर निमित्तही आहे. येत्या फेब्रुवारीत गाडीला पंधरा वर्षं पुरी होतील. मग आरटीओत पासिंग आणि पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण. त्याची फी एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजार झाली, शिवाय पर्यावरण कर आहेच. तेवढा खर्च करायचा तर गाडी खालून कशी आहे ते आधी कळायला हवं. इंजिनाची मला काळजी नाही.

14 मे

दुपारी माझ्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. गाडीखाली नेमकं काय काय असतं ते वाचत बसलो.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन जवळपास पेलतच नाही, हे सांगितलं तर निम्म्या लोकांना पटत नाही. नुसत्या स्प्रिंगवर गाडी असती तर एका खड्ड्यानंतर ती फर्लांगभर डुलत गेली असती. ते डुलणं मारण्यासाठी शॉकअप. त्याच्या नळीत तेल असतं आणि दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रांचा दट्ट्या. दट्ट्या हलला की तेलाला त्या छिद्रांतून अंग चोरून निघावं लागतं, आणि हेलकाव्याचा जोर उष्णतेत जिरून जातो. खराब रस्ता कापून आल्यावर नळीला हात लावला तर गरम लागते ती त्यामुळेच. म्हणून शॉकअप जातो तेव्हा गाडी सहसा वाजत नाही, डुलते. लाटेवरून गेल्यावर नाक दोन-तीनदा वर-खाली होतं, वळणावर पाठ सुटल्यासारखी वाटते, ब्रेक मारल्यावर गाडी जास्तच वाकते. माझी गाडी यातलं काही करत नव्हती.

पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवलेले असतात. ही युक्ती अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकी इंजिनिअरची. महायुद्धानंतर त्यानं ती जनरल मोटर्समध्ये एका छोट्या गाडीसाठी योजली होती. ती गाडी बाजारात आलीच नाही, मॅक्फर्सन फोर्डमध्ये गेला आणि 1950 च्या सुमारास फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांखाली हा खांब उभा राहिला. सुटे भाग कमी, जागा कमी लागते, त्यामुळे इंजिन आडवं बसवलेल्या छोट्या गाड्यांना तो फारच सोयीचा पडला. आज नांदेडच्या रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढून याच खांबावर उभ्या आहेत.

खांबाचं वरचं टोक रबरी माउंटिंग आणि बेअरिंगमधून बॉडीत जातं. खाली लोअर आर्म. तो बॉडीला दोन रबरी बुशांनी आणि चाकाकडे बॉल जॉइंटनं धरलेला. शिवाय डावी आणि उजवी बाजू जोडणारी एक वाकवलेली सळई, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी फार कलू नये म्हणून ती असते आणि तिची टोकं लिंक रॉडनं खांबाला बांधलेली असतात. मागचं सगळं साधं: एक आडवा बीम, दोन स्प्रिंगा, दोन सुटे शॉकअप.

नावं लिहून काढल्यावर एक गोष्ट लक्षात आली. यातलं लोखंड सहसा जात नाही. जातं ते दोन लोखंडांच्या मधलं रबर.

19 मे

आज लातूरला जाताना एसी बंद, रेडिओ बंद, काच खाली. बायको म्हणाली, आवाज ऐकायला मला कशाला उन्हात भाजता. तरी आली.

सोनखेडच्या काळ्या रानातून जाताना टकटक जोरात. माळाकोळीच्या पुढे मुरमाड चढ-उतार लागले तशी गाडी गप्प. अहमदपूर ओलांडून चाकूरकडे पुन्हा काळी जमीन, पुन्हा आवाज. डांबर दोन्हीकडे डांबरच, पण डांबराखालची माती वेगळी.

काळी माती म्हणजे बेसाल्टचा दगड झिजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं. एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. रस्त्याखालची मातीही तेच करते. फरक एवढाच की रस्त्याच्या मधोमध, डांबराच्या आडोशाला, ओल फारशी बदलत नाही. कडेला मात्र साइडपट्टीतून पावसाचं पाणी आत शिरतं आणि उन्हाळ्यात तिथूनच आधी आटतं. त्यामुळे कडा दरवर्षी उठते आणि बसते, डांबराला लांबीनं भेगा जातात आणि रस्त्याला लाटा येतात. आपण चालतो डावीकडून. म्हणजे गाडीचं डावं चाक जन्मभर या उठणाऱ्या-बसणाऱ्या कडेवर आणि उजवं त्यातल्या त्यात शांत भागावर. मराठवाड्यातल्या गाडीचा डावा पुढचा कोपरा आधी बोलायला लागला तर त्यात नवल काय?

21 मे

सकाळी चाचांच्या गॅरेजला. चाचा साठीच्या पुढचे, अँबॅसॅडर आणि जीपवर हात बसलेले. मी शॉकअप हा शब्द उच्चारला नाही. नुसतं म्हणालो, डावीकडून वाजतंय.

‘कवा वाजूलालंय? ब्रेक मारल्यावर का सुट्टा?’

‘सुट्टा. हळू चालवताना.’

आधी त्यांनी बोनेटच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी वजन टाकलं आणि सोडलं. गाडी वर आली, एकदा बसली, थांबली. ‘शॉकअप जित्ता हाय.’ ही परीक्षा अर्धीच खरी, हे तेच म्हणाले. जुना शॉकअप सीलमध्ये अडकूनसुद्धा असा थांबू शकतो. म्हणून खाली वाकून नळी पाहिली. धूळ होती, पण कोरडी. तेल झिरपत असेल तर धुळीचा चिकट काळा लेप बसतो. तो नव्हता.

मग जॅक लावला आणि जॅकवर विसंबायचं नाही म्हणून बाजूला घोडी. चाक वर-खाली धरून हलवलं, घड्याळाच्या बारावर आणि सहावर हात ठेवून. तिथं ढिलाई निघाली तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. दोघांतलं कोणतं ते ठरवायला दुसऱ्यानं ब्रेक दाबून धरायचा, ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग. नंतर तीन आणि नऊवर हात. तिथं हललं तर स्टिअरिंगकडचा टाय रॉड एंड. दोन्हीकडे चाक घट्ट.

घोडी काढून गाडी जमिनीवर घेतली, आणि चाचा आडवे होऊन लिंक रॉड मुठीत धरून झटके देऊ लागले. टक. पुन्हा टक. एवढ्याशा बोटभर जाडीच्या दांडीच्या टोकातला गोळा आपल्या खोबणीत सैल झालेला. त्यांनी वरचं टोक सोडलं, तारेनं बाजूला बांधलं आणि म्हणाले, ‘एक चक्कर मारा. वळणावर दमानं.’

हिंगोली गेटपर्यंत जाऊन आलो. टकटक बंद. न बदलता, न विकत घेता आवाज कुठला ते कळलं, ही पद्धत मला फार आवडली. चारही शॉकअप बदलून मी टकटक तशीच घेऊन घरी आलो असतो.

पण टकटक गेल्यावर तिच्याखाली दडलेला दुसरा आवाज ऐकू आला. ब्रेक मारला की एकच जाड ‘ठक’. चाचांनी लोअर आर्मच्या मागच्या बुशात टॉमी घालून दाबली तर रबराला चंद्रकोरीसारखी फट उघडली. आर्म ब्रेकबरोबर मागे सरकत होता. हे लिंक रॉडपेक्षा गंभीर. लिंक रॉड नुसता त्रास देतो. हा बुश चाकाची दिशा बदलतो आणि टायर आतल्या बाजूनं खातो.

22 मे

बॉल जॉइंट घट्ट असल्यामुळे अख्खा आर्म न घेता नुसते बुश घेतले, दोन्ही बाजूंचे. लिंक रॉडही दोन्हीकडचे. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली की गाडी दोन मनांची होते.

जुना बुश प्रेसमध्ये धरून बाहेर काढला तेव्हा तो हातात घेऊन पाहिला. एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये दोन्हींना चिकटलेलं रबर. आतली नळी बोल्टनं बॉडीला जखडलेली, बाहेरची आर्मबरोबर हलणारी. म्हणजे इथं घसरत, फिरत काही नाही. रबर पिळलं जातं आणि पुन्हा मूळ जागी येतं, एवढंच. माझ्या बुशात ते आतल्या नळीपासून सुटलं होतं, कडेला बारीक तडे होते आणि बोट फिरवल्यावर काळी भुकटी हाताला लागली.

बसवताना गॅरेजातल्या पोरानं गाडी घोडीवर असतानाच बोल्ट पक्का आवळायला घेतला. चाचा ओरडले, ‘ये, चाकं भुईला टेकू दे आधी!’ कारण असं की गाडी वर टांगलेली असते तेव्हा आर्म खाली लोंबकळतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला की रबराची मूळ जागा तीच ठरते. मग गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. असा नवा बुश लवकर फाटतो आणि दोष कंपनीच्या मालाला जातो. बोल्ट आधी नुसते हातानं धरायचे, चाक लावायचं, गाडी जमिनीवर घेऊन हलवून बसू द्यायची, मग शेवटचा पाना. गॅरेजवाला चांगला की वाईट हे मी आता या एका गोष्टीवरून ओळखणार.

संध्याकाळी अलाइनमेंट. डावं चाक बाहेर तोंड करून चालत होतं, तसं पडद्यावर लाल रंगात दिसलं.

26 मे

पारा बेचाळीसच्या वर. पंपावरचा पोरगा विचारत नाही, सगळ्यांच्या टायरात 35 ची हवा भरतो. दाराच्या खांबावरचा आकडा त्याहून कमी आहे. सकाळी, टायर थंड असताना घरच्या मीटरवर पाहून हवा कमी केली, आणि पहिल्याच गतिरोधकाला फरक जाणवला. टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग, ती दगड करून ठेवली तर बाकीच्यांनी काय करावं? आणि हो, टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवायचा. लाटा लागल्या तर शॉकअप खरोखर गेला.

9 जून

मृग लागला. पहिला सडाका येऊन गेला आणि मातीचा वास घरभर. गाडी धुवायला नेली. वॉशिंग सेंटरवाला म्हणाला, ‘पावसाळा आहे सर, खालून ऑइल मारून देऊ का?’ इंजिनाचं जळकं तेल आणि डिझेल एकत्र करून फवारायचं, ही जुनी रीत. मी नको म्हणालो तेव्हा त्याला वाटलं, पैसे वाचवतोय.

ही रीत ज्या गाड्यांची होती त्यांना ती शोभत होती. काकांची प्रीमिअर पद्मिनी आठवली. वालचंद हिराचंदांच्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, फिएटच्या नकाशावर बनलेली. पुढे स्प्रिंगा असल्या तरी मागे कमान होती, एकावर एक पाटे ठेवून मध्ये सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टनं आवळलेली. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे त्यांच्यात तेल गेलं की करकर थांबायची, गंज धरायचा नाही. पुढच्या सांध्यांना ग्रीसची निप्पलं होती. काका गाडी सर्व्हिसिंगला न्यायचे म्हणजे मुख्यतः ग्रीस मारायला न्यायचे, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं पिवळं दिसेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. देखभाल डोळ्यांना दिसायची.

हैदराबाद रोडला ट्रकच्या कमानी भरणारे कारागीर अजून हेच करतात. तुटलेला मेन पाटा भट्टीत लाल करून घणानं त्याला वाक देतात. एसटीच्या लाल गाडीलाही कमानच. पण माझ्या गाडीखाली ग्रीसचं एकही निप्पल नाही. बॉल जॉइंट कारखान्यातच ग्रीस भरून रबरी टोपीत बंद केलेला. टोपी फाटली की ग्रीस जातं, पाणी आणि माती आत शिरते, आणि काही महिन्यांत सांधा वाजायला लागतो. म्हणजे आता देखभाल म्हणजे टोप्या आणि बुश बघणं. आणि खनिज तेल त्यांचा वैरी आहे. त्यानं रबर फुगतं, मऊ पडतं, लोखंडापासून सुटतं. कमानीला जे औषध होतं ते बुशाला विष आहे. वॉशिंगवाल्याला हे सांगायला गेलो तर तो म्हणाला, ‘सगळे मारतात सर.’ मी फक्त पाणी मारायला लावलं, तेही जोराचा फवारा टोप्यांवर थेट न धरता. चिखल मात्र काढायलाच हवा. काळा चिखल स्प्रिंगच्या खालच्या वाटीत बसला की ओल धरून ठेवतो आणि तिथंच स्प्रिंग गंजते.

23 जून

लातूर-नांदेड मार्गावरचे गतिरोधक हा स्वतंत्र विषय आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, ताशी 25 किलोमीटरनं आरामात ओलांडता येईल असा. माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2.39 मीटर. म्हणजे नियमातल्या गतिरोधकावर चारही चाकं एका वेळी उभी राहू शकतात! प्रत्यक्षात गावात कुणी गाडीखाली आलं की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर जे उगवतं ते हातभर रुंदीचं, टोकदार, विनारंगाचं. रागही धरता येत नाही, कारण ते कुणाच्या तरी पोराच्या नावानं उभं असतं.

कंपनीच्या कागदावर गाडी जमिनीपासून 170 मिलिमीटर उंच, पण ती रिकामी असताना. मागे सासूबाई, मेव्हणा, त्याची बायको आणि डिकीत ज्वारीचं पोतं, एवढं झालं आणि आज तीन ठिकाणी पोट घासलं. मी एकच पथ्य पाळतो. ब्रेक गतिरोधकाच्या आधी मारायचा आणि चढताना सोडून द्यायचा. ब्रेक दाबलेला असला की नाक आधीच वाकलेलं असतं, पुढची स्प्रिंग निम्मी दबलेली असते, आणि वरून येणारा धक्का झेलायला तिच्याकडे जागाच उरत नाही. तो मग बंप स्टॉपच्या रबरावर आणि तिथून थेट माउंटिंगवर.

7 जुलै

पोट घासतं म्हणून एका दुकानात सल्ला मिळाला: स्प्रिंग बफर. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये रबराची जाड कडी बसवायची, गाडी उंच होते. इथं निम्म्या टॅक्स्यांना ती दिसते. मी घेतली नाही. कडी घातली की ते दोन वेढे स्प्रिंग म्हणून मेले, उरलेल्यांनी सगळं वजन झेलायचं. स्प्रिंग कडक होते, पण तिच्या उसळीला आवरणारा शॉकअप जुन्याच मापाचा राहतो. गाडी उंच दिसते आणि रिकामी असताना उड्या मारते. भरलेली गाडी बसत असेल तर प्रश्न पोत्याचा आहे किंवा थकलेल्या स्प्रिंगचा. दोन्हीला कडी हा उपाय नव्हे. ज्वारी पुढच्या वेळी एसटीच्या पार्सलनं येईल, असं घरी सांगून टाकलं. त्यावर जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

21 जुलै

पाऊस उघडला तेव्हा गाडीखाली टॉर्च मारून पाहिलं. पुढचे दोन्ही खांब कोरडे. नवे बुश जागच्या जागी. मागच्या डाव्या शॉकअपच्या नळीवर मात्र चिकट काळा पट्टा, वरपासून निम्म्यापर्यंत. हा खरा गेलेला शॉकअप, आणि याचा आवाज एकदाही आला नव्हता!

चाचांकडे गेलो. मागचे दोन्ही बदलायचे ठरलं, सोबत बंप स्टॉप आणि धुळीची टोपीही. जुन्या टोपीतून माती दांड्यावर जाते आणि नवं सील महिन्याभरात खाते. मागे स्प्रिंग वेगळी असल्यामुळे काम सोपं. पुढच्या खांबाचं असतं तर स्प्रिंग आवळणारा सापळा लागला असता. तो न लावता वरचं नट खोलणाऱ्या एका ओळखीच्या मिस्त्रीचं बोट गेलेलं चाचांनी पाहिलंय, आणि ते प्रत्येक नव्या पोराला ही गोष्ट सांगतात.

नवे शॉकअप खोक्यातून काढून उभे धरले, चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढून घेतले, म्हणजे आडव्या खोक्यात तेलात मिसळलेली हवा वर निघून जाते. चकचकीत दांड्याला पक्कड लावायची नाही. एक ओरखडा पडला की सील गेलंच. जुने दोन्ही बाजूला ठेवून हातानं दाबले. उजवा हळूहळू वर आला, डावा दाबला तिथंच राहिला.

गाडी ठेवायची. विमा नोव्हेंबरपर्यंत आहे, पीयूसी सप्टेंबरात संपतं. पासिंगची तारीख घ्यायच्या आधी ते काढून घ्यायचं.